कॉलेजचं टेनिस: हार्टफर्ड ते अथेन्स, व्हाया सोमदेव

आपल्याकडे 'इंटर-कॉलेज स्पर्धा' म्हटलं की काय आठवतं? नेमकी सबमिशनच्या आठवड्यात येणारी तारीख, अटेंडन्ससाठी सरांच्या केबिनबाहेर उभा असलेला संघ, आणि फायनल बघायला आलेली आठ माणसं, त्यातले चार पुढच्या मॅचचे खेळाडू. मी इंजिनिअरिंगला होतो तिथे एक टेनिस कोर्ट होतं. त्यावर टू-व्हीलर लावायचे. नेट कुठे गेलं हे शिपाईमामांनाही माहीत नव्हतं.

हे सांगायचं कारण म्हणजे गेले तीन-चार वीकेंड मी एका कॉलेज स्पर्धेचा इतिहास वाचत बसलोय. अमेरिकेतल्या पुरुषांच्या आंतरविद्यापीठ टेनिसची एनसीएए चॅम्पियनशिप. एनसीएए म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, तिकडच्या कॉलेज खेळांची सगळी सूत्रं हातात असलेली संस्था. एकेरीच्या विजेत्यांची यादी बघा: टोनी ट्रॅबर्ट, राफाएल ओसुना, डेनिस राल्स्टन, आर्थर ॲश, जिमी कॉनर्स, जॉन मॅकेन्रो. आणि त्याच यादीत २००७ आणि २००८ या दोन ओळींत आपला सोमदेव देववर्मन. यादी वाचता वाचता मला एकच प्रश्न पडत गेला. घराघरात विचारला जातो तोच. आधी डिग्री की आधी खेळ?

पण सुरुवातीपासून जाऊ.

पहिली स्पर्धा झाली १८८३ साली, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला. अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी कॉलेजवाल्यांची स्पर्धा दोनदा झाली, एकदा वसंतात आणि एकदा शरदात, आणि एकेरी दोन्ही वेळा हार्वर्डनेच जिंकली. पुढची कितीतरी वर्षं हा हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे मंडळींचा घरगुती मामला होता. पांढरे कपडे, हिरवळ, आणि वडिलांची बँक किंवा गिरणी. माल्कम चेसने १८९३ ते १८९५ सलग तीन वर्षं एकेरी जिंकली, त्यातली पहिली ब्राऊन विद्यापीठाकडून आणि पुढच्या दोन येलकडून. म्हणजे कॉलेज बदललं तरी चषक घरातच.

हा घरगुतीपणा मोडला तो पश्चिमेने आणि दक्षिणेने. आणि एका फेंगड्या पायांच्या पोरानेसुद्धा. पांचो सेगुरा इक्वेडोरचा, गरीब घरातला, लहानपणच्या आजारपणामुळे पाय वाकलेले. फोरहँड दोन्ही हातांनी मारायचा, जे त्या काळात फारसं कोणी करत नसे. तो मायामी विद्यापीठाकडून खेळला आणि १९४३, ४४, ४५ अशी सलग तीन वर्षं कॉलेज चॅम्पियन झाला. 'परदेशी पोरं येऊन आमच्या शिष्यवृत्त्या नेतात' ही तक्रार आजही अमेरिकेत ऐकू येते, त्यांनी आधी ही तीन वर्षं बघावीत. एनसीएएने स्पर्धा हातात घेतली १९४६ ला. म्हणजे परदेशी विजेता एनसीएएच्या स्पर्धेपेक्षा जुना आहे!

१९४६ ची स्पर्धा शिकागोजवळ इव्हॅन्स्टनला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झाली. एकेरी जिंकली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूएससीच्या, बॉब फाल्केनबर्गने. दुहेरी जिंकली त्याने आणि त्याचा भाऊ टॉम याने. सांघिक विजेतेपद अर्थातच यूएससीला. हा बॉब पुढे १९४८ ला विंबल्डन जिंकला, तेसुद्धा फायनलच्या पाचव्या सेटमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवून. नंतर गडी ब्राझीलला गेला आणि रिओमध्ये 'बॉब्स' नावाने हॅम्बर्गर-आइस्क्रीमचं दुकान काढलं. त्याची पुढे देशभर साखळी झाली. कॉलेज चॅम्पियन, विंबल्डन चॅम्पियन आणि फास्ट फूडवाला, असा बायोडेटा दुसऱ्या कोणाचा असेल असं वाटत नाही.

यानंतरचा काळ म्हणजे कॅलिफोर्नियाचं राज्य. किती? तर १९६० ते १९८४ या पंचवीस वर्षांत सांघिक विजेतेपद कॅलिफोर्नियातल्या तीन विद्यापीठांबाहेर फक्त एकदा गेलं. यूएससी, यूसीएलए आणि स्टॅनफर्ड. अपवाद १९७२ चा, टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठाचा. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपण मुंबईची रणजी ऐकून मोठे झालो. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा! कारणंही तशीच. बाराही महिने खेळता येईल असं हवामान, सार्वजनिक सिमेंटची कोर्टं, एकाच शहरात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन तगडे संघ, आणि हेडमास्तर पद्धतीचे कोच. यूएससीच्या जॉर्ज टोलीने दहा विजेतेपदं मिळवली. स्टॅनफर्डच्या डिक गूल्डला पहिलं मिळायला १९७३ उजाडलं, पण २००० पर्यंत त्याने सतरा केली. त्यातला १९९८ चा संघ तर एकही सामना न हरता जिंकला. त्या वर्षी बॉब ब्रायनने एकेरी, भाऊ माइकबरोबर दुहेरी आणि सांघिक, तिन्ही नेली.

पण या सगळ्या कॅलिफोर्निया पर्वात मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो १९६५ वर.

आर्थर ॲश जन्मला १९४३ ला व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये. वडील ब्रुक फील्ड नावाच्या मैदानाचे राखणदार, घरही तिथेच. ते मैदान फक्त कृष्णवर्णीयांसाठी होतं, म्हणून आर्थरला कोर्ट मिळालं. शहरातली चांगली कोर्टं होती बर्ड पार्कमध्ये, तिथे त्याला प्रवेश नव्हता. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. लिंचबर्गचे डॉक्टर रॉबर्ट जॉन्सन त्याला उन्हाळ्यात खेळ शिकवायचे. त्यांची एक शिस्त होती: चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला तरी तो आत धरून परतवायचा. का? तर गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी वाद होण्याचं कारणच राहायला नको. हे वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद केला. प्रत्येक पॉइंट दीड पॉइंटाएवढा कमवायचा, आणि वर चेहऱ्यावर रेषही हलू द्यायची नाही. मोठेपणी ॲशचा जो थंडपणा सगळ्या जगाने वाखाणला, तो असा शिकवलेला होता.

रिचमंडमध्ये हिवाळ्यात आत बसून खेळायची कोर्टंही त्याच्यासाठी बंद, म्हणून शाळेचं शेवटचं वर्ष त्याने घर सोडून सेंट लुईसला काढलं. मग यूसीएलएच्या कोच जे. डी. मॉर्गनने शिष्यवृत्ती देऊ केली. जॅकी रॉबिन्सन ज्या विद्यापीठात खेळला ते हे विद्यापीठ, त्यामुळे ॲशला फार विचार करावा लागला नाही. पण कॅलिफोर्निया म्हणजे स्वर्ग नव्हता. पहिल्याच वर्षी बाल्बोआ बे क्लबच्या स्पर्धेचं आमंत्रण संघाला आलं, ॲश सोडून. मॉर्गनने त्याला विचारलं, यावर आवाज उठवायचा का? ॲशने नको म्हटलं. तो का नको म्हणाला असेल यावर पानंच्या पानं लिहिता येतील. माझं मत विचाराल तर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हा प्रश्न विचारायची वेळ यावी हाच सगळा मुद्दा आहे.

१९६५ ची एनसीएए झाली लॉस एंजेलिसलाच, घरच्या कोर्टांवर. ॲशने एकेरी जिंकली, इयान क्रुकेंडनबरोबर दुहेरी जिंकली, आणि यूसीएलएने सांघिक. पुढच्या वर्षी त्याने बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतली आणि मग लष्करात अधिकारी म्हणून रुजू झाला. १९६८ ला पहिली यूएस ओपन जिंकली तेव्हा तो हौशी खेळाडू म्हणूनच नोंदलेला होता. त्यामुळे विजेत्याचे १४,००० डॉलर त्याला घेता आले नाहीत. ते हरलेल्या टॉम ओकरला मिळाले आणि ॲशला रोजचा भत्ता, दिवसाला २० डॉलर. (आमच्या ऑनसाइटवाल्यांनी पर-डीमबद्दल कुरकुर करण्याआधी हे वाचावं.)

आणि १९७५ ची विंबल्डन फायनल, ज्यात ॲशने हळू, फसवे चेंडू टाकून कॉनर्सला गुंडाळलं, ती खरं तर यूसीएलए विरुद्ध यूसीएलए होती. १९६५ चा कॉलेज चॅम्पियन विरुद्ध १९७१ चा. कॉनर्सने पहिल्याच वर्षाला असताना ती स्पर्धा जिंकली होती, फर्स्ट इयरचा असा तो पहिलाच. नंतर मात्र डिग्रीच्या नादाला न लागता सरळ व्यावसायिक झाला. एकाने कॉलेज पूर्ण केलं, एकाने सोडलं, आणि गाठ पडली सेंटर कोर्टवर.

आता थोडं तांत्रिक. १९७६ पर्यंत सांघिक विजेतेपदासाठी वेगळे सामनेच नसत. एकेरी आणि दुहेरीत तुमची पोरं जितक्या मॅचेस जिंकतील तितके गुण, आणि ज्याची बेरीज जास्त तो संघ विजेता. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर सांघिक विजेतेपद हा वैयक्तिक स्पर्धेचा 'डिराइव्ह्ड ॲट्रिब्यूट' होता. दोन-तीन हिरे असले की काम भागायचं. १९७७ पासून संघ विरुद्ध संघ अशी वेगळी नॉकआउट स्पर्धा सुरू झाली, सहा एकेरी आणि तीन दुहेरी. मग सहाव्या नंबरच्या पोरालाही महत्त्व आलं. सहाही कोर्टांवर एकदम खेळ चालू, स्कोअर ४-४, आणि सगळं मैदान कोपऱ्यातल्या कोर्टभोवती गोळा, तिथे आयुष्यात कधी टीव्हीवर न येणारा मुलगा सर्व्हिस करतोय. (आता तिन्ही दुहेरी मिळून एक गुण, एकेरीचे सहा, आणि चार झाले की सामना संपला.)

हे सगळं पहिल्यांदा घडलं जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये. तिथे डॅन मॅगिल नावाचं एक वल्ली प्रकरण होतं. जॉर्जिया विद्यापीठाचा प्रसिद्धी अधिकारीही तोच आणि टेनिस कोचही तोच. १९५५ ते १९८८ कोच, ७०६ विजय. अमेरिकन फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावात त्याने टेनिसला गर्दी जमवून दाखवली. १९७२ ला त्याने ही स्पर्धा अथेन्सला आणली आणि १९७७ ते १९८९ तर ती तिथेच मुक्कामाला होती. विद्यार्थी, दुकानदार, म्हातारेकोतारे सगळे स्टँडमध्ये, आणि टेनिसमध्ये शांत बसायचं असतं हा नियम कोणी मानत नसे. १९८५ ला घरच्या संघाने शेवटी चषक जिंकला आणि कॅलिफोर्नियाची रांग मोडली. तेव्हा जॉर्जियाचा हुकमी एक्का होता स्वीडनचा मिकाएल पर्नफोर्स, १९८४ आणि ८५ चा एकेरी विजेता. पुढच्याच वर्षी तो फ्रेंच ओपनच्या फायनलला गेला.

याच अथेन्समध्ये १९७८ ची फायनल झाली. एका बाजूला स्टॅनफर्डचा जॉन मॅकेन्रो. आदल्या वर्षी, कॉलेजात पाय ठेवण्याआधी, हा पात्रता फेरीतून येऊन विंबल्डनच्या सेमीफायनलला पोचला होता. दुसऱ्या बाजूला नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा जॉन साद्री, तोफेसारखी सर्व्हिस. स्कोअर बघा: ७-६, ७-६, ५-७, ७-६. मॅकेन्रोचे २६ गेम्स, साद्रीचे २५. साद्री पुढे १९७९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला गेला, तेव्हा कॉलेजचा फायनलिस्ट म्हणजे ऐरागैरा नव्हता हे लक्षात येईल. मॅकेन्रो लगेच कॉलेज सोडून व्यावसायिक झाला आणि सव्वा वर्षात यूएस ओपन जिंकला.

इथून पुढे कॉलेजची पत उतरली. बोर्ग, बेकर, अगासी ही पोरं सतरा-अठराव्या वर्षीच जगाच्या पुढे. ज्याला टॉप टेनला जायचंय तो कॉलेजात काय करतोय, असं लोक बोलायला लागले. 'बारावीनंतर ड्रॉप घेऊ नकोस' म्हणणारे आपले काका तिकडे अल्पमतात गेले. आणि एका अर्थी त्यात तथ्य होतं, एनसीएएच्या विजेत्यांतून ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेते निघणं बंदच झालं.

मग आली २००७. परत अथेन्स, परत मे महिना.

सोमदेव देववर्मन मूळ त्रिपुराचा, जन्म गुवाहाटीचा, टेनिस चेन्नईत पक्कं झालेलं. उंची पाच फूट अकरा इंच, सर्व्हिस बेताची, पाय मात्र न थकणारे. विषय समाजशास्त्र, विद्यापीठ व्हर्जिनिया, गाव शार्लट्सव्हिल. ॲशचं रिचमंड तिथून गाडीने तास-सव्वा तासावर. २००६ ला तो फायनल हरला होता. २००७ ला समोर जॉर्जियाचा जॉन इस्नर. सहा फूट दहा इंच, शेवटचं वर्ष, घरचं कोर्ट, आणि काही दिवसांपूर्वीच त्याच्या संघाने सांघिक विजेतेपद जिंकलेलं. स्टँडमध्ये कोण कोणाच्या बाजूने असेल ते सांगायला नको.

सोमदेव जिंकला. ७-६, ४-६, ७-६. मोजून बघा, दोघांचे गेम्स अठरा-अठरा. फरक काय तो टायब्रेकमध्ये. ज्या इस्नरची सर्व्हिस पुढे दहा-बारा वर्षं भल्याभल्यांना परतवता आली नाही, ज्याने २०१० ला विंबल्डनमध्ये माहूबरोबर तीन दिवस मिळून अकरा तास पाच मिनिटांची मॅच खेळली, त्याच्याविरुद्ध त्याच्याच गावात दोन टायब्रेक जिंकणं ही चेष्टा नाही.

यानंतर सोमदेवने जे केलं ते मला फायनलपेक्षा जास्त आवडतं. चॅम्पियन झाला, आता व्यावसायिक होणार असं सगळ्यांनी धरलेलं असताना तो शेवटचं वर्ष पूर्ण करायला परत गेला. त्या सीझनमध्ये एकेरीत ४४ जिंकल्या आणि एक हरला. पुन्हा चॅम्पियन, सलग तिसरी फायनल. डिग्री घेतली आणि मग निघाला. २०१० ला एशियाडची दोन सुवर्णं आणि दिल्ली राष्ट्रकुलचं एक. सर्वोच्च क्रमवारी ६२. आता कोणी म्हणेल, बासष्टच ना? एकेरीत भारतीयाला बासष्टावा नंबर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एक चुटपूट मात्र राहिली. त्याच्या काळात व्हर्जिनियाला सांघिक विजेतेपद मिळालं नाही. पहिलं मिळालं २०१३ ला, आणि मग रांगच लागली.

आपली अर्धी बॅच जीआरई देऊन अमेरिकेला गेली, आयव्हीच्या नावाने स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहिताना रात्री जागली. रॅकेट घेऊन जाण्याचा हा दुसरा रस्ता मात्र आपल्याकडे फार कमी पालकांना माहीत असतो. पुण्याचा अर्जुन कढे त्या रस्त्याने ओक्लाहोमा स्टेटला गेला. नंतर दक्षिणेश्वर सुरेश वेक फॉरेस्टकडून खेळला. रस्ता तसा अरुंद आहे. वर्षानुवर्षं नियम असा होता की पुरुषांच्या एका संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या. साडेचार! आठ-दहा पोरांत वाटून घ्या. म्हणजे कोणाची अर्धी फी माफ, कोणाची पाव, आणि कोणाच्या घरी गृहकर्जावर टॉप-अप. २०२५ मध्ये कोर्टाच्या तडजोडीनंतर हे बंधन गेलं आणि त्याऐवजी संघात दहाच खेळाडू अशी मर्यादा आली. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. ते पैसे जाणार कुठे? अर्थात फुटबॉल आणि बास्केटबॉलला, जिथून ते येतात. टेनिस काही कमावून देत नाही. २०२० च्या कोविड वर्षात स्पर्धाच रद्द झाली आणि आयोवा आणि मिनेसोटा या मोठ्या विद्यापीठांनी पुरुषांचे टेनिस संघ सरळ बंद केले. बजेट कापायचं म्हटलं की स्प्रेडशीटमधल्या कुठल्या ओळीवर आधी बोट जातं, हे आयटीत दोन वर्षं काढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

गंमत अशी की हे सगळं चालू असतानाच कॉलेजचे दिवस परत आलेत. खेळाडूंची कारकीर्द आता पस्तिशीपर्यंत लांबते, त्यामुळे बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तरी उशीर होत नाही. केव्हिन अँडरसन इलिनॉयचा, कॅमेरन नॉरी टीसीयूचा, दोघेही टॉप टेनला पोचले. बेन शेल्टन २०२२ ला फ्लोरिडाकडून एनसीएए जिंकला आणि पुढच्याच वर्षी यूएस ओपनच्या सेमीफायनलला होता. वैयक्तिक स्पर्धा २०२४ पासून मे महिन्यातून काढून नोव्हेंबरमध्ये नेली, म्हणजे १८८३ सारखीच पुन्हा शरदात.

आणखी एक बारीक गोष्ट. एनसीएएचा एकेरी विजेता अमेरिकन असेल तर त्याला यूएस ओपनच्या मुख्य स्पर्धेचं वाइल्ड कार्ड द्यायची प्रथा पडलेली होती. सोमदेव दोनदा चॅम्पियन, पण पासपोर्ट निळा आणि त्यावर अशोकस्तंभ. तो २००९ ला न्यूयॉर्कला गेला, पात्रता फेरीच्या तिन्ही मॅचेस खेळून मुख्य स्पर्धेत शिरला, आणि पहिली फेरी जिंकला.